वरातीतला उस्ताद

औराद, भालकी, बसवकल्याणपासून पार आळंदपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, स्टँडजवळ जुन्या बॅटऱ्यांच्या रांगेमागं एक उस्ताद बसलेला असतोच. गाड्यांची वायरिंग हा त्याचा धंदा. गिऱ्हाइकाशी मराठी, पोऱ्याशी दखनी, पोलिसाशी कन्नड आणि इंजिनाशी तिन्हीतल्या शिव्या, असा त्याचा रोजचा हिशेब.

त्याची खरी ऐट बघावी ती लग्नसराईत. हल्ली घोडा मागं पडला. नवरदेवाला ‘व्हिंटेज’ लागते. ही व्हिंटेज कुठल्या राजवाड्यातून आलेली नसते. मडगार्ड फुगवून, पुढं परातीएवढे दिवे लावून ती वेल्डिंगच्या दुकानात जन्म घेते. अंगानं १९३० सालची, आतून पेट्रोलवरची अॅम्बेसिडर, जिचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली थांबला ती. हॉर्न ट्रकचा, स्विच ट्रॅक्टरचा. अशा गाडीचा वायरिंग डायग्राम कुठल्या पुस्तकात सापडणार? तो उस्तादाच्या डोक्यात असतो आणि उस्ताद त्याला बाहेर पडू देत नाही. वायरीही सगळ्या लाल, कारण लाल बंडल स्वस्तात मिळालं होतं. वर ऐकवतो, “रंग बघून जोडतात ते शिकाऊ.”

कॉईलवर त्याचा विशेष जीव. प्लसला स्विचची वायर, मायनसला डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची, मधून निघते ती जाड वायर. पॉइंट उघडला की बारा व्होल्टचे वीस हजारांच्या घरात जातात आणि प्लगला ठिणगी पडते. ही युक्ती १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं मोटारीत बसवली. उस्तादाला केटरिंग माहीत आहे, पण ते जेवणावळीचं.

आता दीड ओहमची कॉईल असेल तर तिच्या वाटेत चिनीमातीचा एक पांढरा रेझिस्टर लागतो. स्टार्टर मारताना कॉईलला बॅटरीचा पुरा जोर, गाडी चालू झाली की बेतानं, अशी ती सोय. तीन ओहमच्या कॉईलला त्याची गरज नसते. असले भेद उस्ताद मानत नाही. “कंपनीनं फुकट करंट अडवलाय,” म्हणत तो रेझिस्टर उपटतो आणि वायर थेट जोडतो. गाडी अशी खणखणीत सुरू होते की मालक जागेवर पैसे मोजतो.

पुढचं काम वरात करते. बँडवाले हलेनात, नवरदेवाचे मामा नाचून दमेनात, आणि गाडी मुंगीच्या पावलानं. कॉईल तापत जाते आणि ऐन चौकात इंजिन गप्प होतं. वरती नवरदेव फेटा सावरत बसलेला, खाली सासरेबुवांचा पारा चढलेला. “एनात्री?” कुणीतरी ओरडतं. “कुछ नै हुआ, कॉईल गरम हो गया,” म्हणत ड्रायव्हरशेजारून उस्ताद उतरतो. होय, तो आधीपासूनच गाडीत असतो; भाड्यात त्याचे पैसे धरलेलेच असतात.

बॉनेट उघडून तो आधी बायकापोरांना मागं सारतो. जाड वायर उपसून तिचं टोक इंजिनापासून बोटभर लांब धरतो. पोऱ्या चावी फिरवतो. ठिणगी निळी कडकडीत पडायला हवी, ती फिकट पिवळी पडते. “कावीळ झालीय,” उस्ताद निदान करतो. मग आहेरातला एक कोरा टॉवेल मागवतो, पाण्याच्या बाटलीत भिजवून कॉईलला गुंडाळतो आणि बँडला सांगतो, “दोन गाणी वाजवा.” दुसरं गाणं संपता संपता गाडी सुरू! टाळ्या पडतात, शिट्ट्या वाजतात. ताप आणणारा आणि कपाळावर घड्या ठेवणारा एकच, हे वऱ्हाडाला कोण सांगणार? मालकाच्या मात्र लक्षात यायला हवं. पण रेझिस्टर पुन्हा बसवा म्हणायचं तर तेही काम उस्तादाकडंच.

मांडवात वधूकडचे त्याला वराकडचा समजून फेटा बांधतात, वराकडचे वधूकडचा समजून हाताला धरून पंगतीला बसवतात. सीमेपलीकडच्या उदगीर-निलंग्याच्या सोयरिकीत तर कुणाचा कोण हे विचारायची सोयच नसते. हुग्गी वाढायला आलेल्या यजमानाला तो तेवढ्यात विचारून घेतो, “धाकट्याचं कधी काढताय?”