कार्यालय उपसा योजना

आमच्या नांदेडजवळच्या विष्णुपुरीत पाणी खालून वर चढतं. गोदावरीला बंधारा घातला, मोटारी बसवल्या आणि नदी उपसून लोहा-कंधारच्या शिवाराकडे धाडली. शंकरराव चव्हाणांच्या नावाचा जलाशय आहे तो. पाणी माणसाकडे जातं, ही इथली एकमेव सरकारी सवय. बाकी सगळीकडे माणसानंच जायचं.

परवा विद्यापीठाच्या गेटासमोर टपरीवर लोहा तालुक्यातले एक मामा भेटले. मांडीवर कापड दुकानाची पिशवी, आत झेरॉक्सचा गठ्ठा, त्याला रबर. लेकीच्या पदवीच्या कागदासाठी आले होते. सहज विचारलं, "मामा, जिल्हा कोणता?"

मामांनी बशी खाली ठेवली. "काम कोणतं ते सांगा, मग जिल्हा सांगतो."

मग हिशेब मांडला. कलेक्टर नांदेडचे. खासदार लातूरचे, कारण लोहा विधानसभा मतदारसंघ लातूर लोकसभेत. बारावीचं बोर्ड लातूरला. विद्यापीठ विष्णुपुरीत. विभागीय आयुक्त छत्रपती संभाजीनगरला. शेजारच्या बाकावरचा किनवटकर हसला, "मामा, तुमचं बरं हाय की! आमचे कलेक्टर नांदेडला अन् खासदार हिंगोलीचे." किनवटहून कलेक्टर कचेरी गाठायला शंभराहून जास्त किलोमीटर. तिथून आयुक्तांकडे आणखी अडीचशेच्या आसपास.

आता तुम्ही म्हणाल, नांदेड-लातूरला कोणी वाली नसेल. छे! या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. मुख्यमंत्री देता आले, आयुक्त काही आणता आला नाही. 2009 साली नांदेडला आयुक्तालय द्यायचं ठरलं, तर लातूरकर रस्त्यावर उतरले. आमच्या दारात नाही तर तुमच्याही दारात नको, या एका मुद्द्यावर मराठवाड्याची एकजूट अभेद्य आहे. आठ जिल्ह्यांचा एकच आयुक्त आणि तो संभाजीनगरलाच. दोघींच्या भांडणात पाहुणा तिसरीकडेच जेवला.

माणसाचे असे तुकडे पाडल्यावर तोही शिकला. 20 नोव्हेंबर 2024 ला नांदेडकर एका रांगेत उभा राहिला आणि विधानसभा-लोकसभेची दोन बटणं दाबून आला. जिल्ह्यात नऊच्या नऊ आमदार महायुतीचे आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत खासदार काँग्रेसचा, 1,457 मतांनी! पंडित चक्रावले. चक्रावण्यासारखं काय आहे? तुम्ही त्याची वाटणी केलीत, त्यानं मताची केली.

हेलपाटे कमी करायचा राहिला उपाय म्हणजे नवा जिल्हा. 1960 साली राज्यात 26 जिल्हे होते, आज 36 आहेत. 1982 साली उस्मानाबादमधून लातूर निघालं, 1999 साली परभणीतून हिंगोली. शेवटचं पालघर, 2014 चं. उदगीर आणि किनवट अजून ताटकळत आहेत. निवडणूक जवळ आली की त्यांना डोहाळे लागतात, निकाल लागला की सुईण मुंबईला निघून जाते.

म्हणून आमची सूचना: शासनानं 'कार्यालय उपसा योजना' काढावी. मंजुरी, टेंडर, भूमिपूजन, सगळं रीतसर होऊ द्या. मोटारी लावून साहेब, शिक्का आणि सही उपसायची आणि आठवड्यातून एक दिवस किनवटच्या, लोह्याच्या, उदगीरच्या बाजारात सोडायची. नदी चढते, तर शिक्का का चढू नये? शिक्का काही नदीइतका जड नसतो. जड असते ती खुर्ची, ती जागेवरच राहू द्या.

मामांनी पिशवी काखेत मारली. बारावीचा एक कागद कमी निघाला होता. आता लातूरची गाडी धरायची होती.

तेव्हा मतदारहो, पुढच्या वेळी कुणी नव्या जिल्ह्याचा नकाशा घेऊन दारात आला, तर नकाशा बघत बसू नका. एवढंच विचारा, "साहेब, यात आमचा हेलपाटा किती कमी होतो?"