भाऊसाहेबांची नाडी

कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात उतरणाऱ्यांत एक पंथ फाइलवाल्यांचा, दुसरा बदलीवाल्यांचा. आमचे भाऊसाहेब तिसऱ्या पंथाचे, रिपोर्टवाले. एका काखेत खात्याची फाइल, दुसरीत ईसीजी. दोन्हींवर कुणीतरी प्रतिकूल शेरा मारलाय अशी त्यांची खात्री असते.

‘कसे आहात?’ असं त्यांना विचारू नये, कारण ते सांगतात.

कोरोनातले ऑक्सिमीटर लोकांच्या कपाटात गेले, यांचा खिशात राहिला. मंडी हाऊस मेट्रोचा जिना चढून आले की बोट आत. ९८ आलं तर यंत्राची बॅटरी गेली असणार. ९६ आलं तर यांची.

चक्करही त्यांना याच रस्त्यावर येते. पृथ्वी फिरते हे कोपर्निकसनं १५४३ साली ग्रंथ छापून सांगितलं. ते जाणवणारा माणूस मी एकच पाहिलाय. त्यात कोपर्निकस पदुआला वैद्यकही शिकला होता, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. तेव्हापासून ते रस्त्याच्या पाटीकडे जरा आदरानं बघतात.

लोक म्हणतात, सोंग आहे. मला तसं वाटत नाही. कमानी सभागृहात विलंबित ख्याल चालू असताना त्यांची बोटं खरोखर आखडलेली मी पाहिलीत. ओठ बधिर, कपाळावर घाम. शेजारी ओळखीचे डॉक्टर होते. त्यांनी बाहेर नेऊन समजावलं, ‘घाबरलं की श्वास भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून मुंग्या येतात. मुंग्या खऱ्याच आहेत हो, पण हृदय ठणठणीत आहे. सावकाश श्वास सोडा.’

भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘म्हणजे रक्तात काहीतरी कमी आहे, हे तुम्हीही मान्य करता.’

नोव्हेंबरात दिल्लीचा हवेचा निर्देशांक चारशेपार गेला की सगळा रस्ता खोकतो. रिक्षावाले, वकील, कमानीतले श्रोते, सगळे. भाऊसाहेब तेवढे खडखडीत! ज्याला-त्याला ज्येष्ठमधाचा काढा सांगत फिरतात. परवा मी नियम मोडून विचारलंच, ‘काय भाऊसाहेब, तब्येत?’

‘उत्तम,’ ते जरा नाराजीनंच म्हणाले. मग बोट नाडीवर गेलं. ‘पण सगळ्यांना झालंय ते मलाच कसं होत नाही, हे एकदा दाखवून घ्यायला हवं.’