फ्यूजच्या जागी चांदी

मोटारीच्या सगळ्या भागांत फ्यूज हा एकटाच असा, की तो जळाला म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं. बाकी काहीही निकामी झालं तर आपण त्याला शिव्या घालतो आणि त्या रास्त असतात. फ्यूजला शिव्या बसतात त्या कर्तव्य बजावल्याबद्दल. नुसत्या शिव्यांवर भागलं असतं तरी ठीक होतं. पण आपल्याकडे जळालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात, ती नसली तर तांब्याची तार, आणि पुन्हा कटकट नको म्हणून तिचे दोन पदर. त्यानंतर फ्यूज उडत नाही, हे अगदी खरं. पुढच्या वेळी काय जळायचं ते मग वायरिंगच्या मर्जीवर.

गुहागरच्या खालच्या पाटात आमच्या काकांच्या अंगणात एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. तिची कुळी काका न विचारता सांगतात. १९६४ साली प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली, तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून पद्मिनी. "तीन नावं झाली तरी बाई तीच," असं काका म्हणतात तेव्हा काकू उठून आत जातात. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वयोमर्यादा संपल्यामुळे रस्त्यावरून उतरली. ती बातमी काकांनी दोनदा वाचली आणि गाडी धुवायला घेतली.

गुहागर म्हणजे समुद्राला समांतर गेलेला एक लांबलचक रस्ता आणि दोन्ही अंगांना घरं. काकांच्या परसदारची नारळी-पोफळी संपली की पुळणच. वाऱ्याबरोबर येणारं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही धातूवर दमट थर राहतो. लोखंड तांबडं होतं, तांबं-पितळ हिरवं. पत्र्याचा गंज निदान दिसतो, खरवडून रंग मारता येतो. वायरीच्या टोकाशी, क्लिपच्या आत चढलेलं हिरवं कोण बघायला जातो?

त्यात जुन्या फियाटचे फ्यूज मोठे नाजूक प्रकृतीचे. बोटाच्या पेराएवढी दांडी, दोन्ही टोकांना निमुळती, आणि तिच्यावर बाहेरून धातूची पट्टी. पांढरा आठ अँपिअरचा, तांबडा सोळाचा. पितळी क्लिपांच्या चिमटीत तो दोन टोकांवर तोललेला असतो, टेकायला जागा जेमतेम. तिथे हिरवं चढलं की विजेला अडथळा, अडथळ्याने उष्णता, उष्णतेने क्लिपचा ताण सैल, आणि सैल पडली की आणखी उष्णता. फ्यूज शाबूत दिसतो, दिवा मात्र मिणमिणतो. बोटाने तो जरासा फिरवला की दिवा पुन्हा उजळतो. काका रोज दिवेलागणीला फ्यूजबॉक्सचं झाकण काढून एकेक फ्यूज फिरवत. गाडी बाहेर काढायची नसली तरीही.

अर्थिंगची तऱ्हा आणखी न्यारी. गाडीत बहुतेक दिव्यांना परतीची वेगळी वायर नसते. बॅटरीचं एक टोक पत्र्याला जोडलेलं असतं, म्हणून सगळा पत्राच परतीचा रस्ता. दिव्याच्या बुडाशी पत्रा गंजला की तो रस्ता बंद होतो, आणि मग वीज कोकणी माणसाप्रमाणे शेजाऱ्याच्या आवारातून वहिवाट काढते. काकांनी ब्रेक दाबला की साइड इंडिकेटर मंद पेटायचा, आणि इंडिकेटर दिला की मागचा दिवा लुकलुकायचा. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाने यातून काय अर्थ काढायचा, हा त्याचा प्रश्न.

शेवटी शृंगारतळीच्या मेस्त्रींना बोलावणं गेलं. त्यांनी आधी बॅटरीची वायर सोडवली, मग डॅशबोर्डखाली डोकं घातलं, आणि बराच वेळ नुसते "अरे वा", "हे बघा", "काय हो हे" असे उद्गार येत राहिले. बाहेर जे आलं तो या घराचा चाळीस वर्षांचा इतिहास होता. कॅसेट प्लेअर बसवला तेव्हाची लाल वायर. धुक्याच्या पिवळ्या दिव्यांसाठी इस्त्रीची सुती वेष्टनाची वायर. टपावरच्या पंख्याला दारावरच्या बेलची. एका गणपतीत मखराच्या रोषणाईतून उरलेली हिरवी बारीक वायरही कुठल्याशा बल्बला जोडलेली होती. सगळे जोड नुसते पिळलेले, वर काळी टेप, आणि उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळून सगळ्या पिढ्या एकमेकींना चिकटलेल्या. एका फ्यूजवर अर्थातच चांदी होती.

"कारखान्याचं वायरिंग अजून बरं आहे काका," मेस्त्री म्हणाले. "तुमच्या गाडीत आजार कमी, औषधंच जास्त."

काकांना हे लागलं. पण प्रत्येक औषधामागे एक अडलेली रात्र होती, हेही खरंच. पावसात मोडकाआगरच्या अलीकडे वायपर थांबलेला असताना कोण नियमाचा फ्यूज शोधत बसतो? माझा अशा जुगाडाला विरोध नाही. रात्रीचा जुगाड सकाळी काढायला माणूस विसरतो, एवढीच तक्रार आहे. आणि सकाळी गाडी चालू होते, म्हणून तर तो विसरतो.

याच तालुक्यात अंजनवेलला एन्रॉनचा वीजप्रकल्प झाला. १९९९ साली ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, विजेचा दर वीज मंडळाला झेपेना, आणि २००१ साली सगळं बंद पडलं. २००५मध्ये त्यासाठी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी निघाली. मेगावॉटची भांडणं आम्ही पेपरात वाचली. अंगणातलं भांडण अर्ध्या व्होल्टचं होतं.

हिशेब मेस्त्रींनी बोनेटवर बोटाने धुळीत लिहून दाखवला. काकांनी लावलेले हॅलोजनचे दोन दिवे साठ-साठ वॉटचे. घरातल्या २३० व्होल्टवर एकशेवीस वॉटला अर्धा अँपिअर पुरतो. गाडीच्या बारा व्होल्टवर दहा अँपिअर लागतात. हे दहाही अँपिअर त्या म्हाताऱ्या स्विचातून जायचे. एखाद्या सांध्यात अर्धा व्होल्ट अडकला तरी तिथे पाच वॉटची उष्णता, आणि स्विच हाताला गरम. शिवाय दिव्यापर्यंतचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं की उजेड तीसेक टक्क्यांनी पडतो. काका इतकी वर्षं डोळ्यांचा नंबर वाढला असं समजत होते.

म्हणून रिले बसवायचे ठरले. आता स्विचाने फक्त हुकूम द्यायचा. भार बॅटरीकडून फ्यूजमार्गे थेट आलेल्या जाड वायरीने वाहायचा. वायर बोटींसाठी मिळते तसली, तांब्याच्या प्रत्येक तारेवर कथिलाचा मुलामा असलेली, खाऱ्या हवेत लवकर न काळवंडणारी. हे ऐकल्यावर काकूंनी पहिल्यांदाच गाडीच्या विषयात लक्ष घातलं. घरातली पितळेची पातेली कल्हईवाला फिरकत नाही म्हणून माळ्यावर पडलीत, आणि गाडीच्या वायरीला मात्र कल्हई!

फ्यूज नवे, चपटे, दोन पायांचे. पाय खाचेत घट्ट बसतात, आणि पोटातली तार तुटली तर वरूनच दिसते. रंग ठरलेले: तांबडा दहा अँपिअर, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस. काकांच्या डोक्यात तांबडा म्हणजे सोळा असं पक्कं बसलेलं, त्यामुळे आपल्याला सहा अँपिअर कमी दिल्याचा संशय त्यांना बरेच दिवस होता. "सगळीकडे हिरवाच टाका की. दिवा सुरक्षित राहील."

"फ्यूज दिव्यासाठी नसतो काका, वायरीसाठी असतो. वायर किती सोसेल ते बघायचं आणि त्याच्या आतला फ्यूज टाकायचा. वायर बारीक आणि फ्यूज तीसचा, म्हणजे फ्यूज बघत राहणार आणि वायर पेटणार."

काकांनी एक अट मात्र घातली: जुना फ्यूजबॉक्स होता तिथेच राहील. तो राहिला. आत पांढरे-तांबडे फ्यूज ओळीने बसलेत, कशालाही न जोडलेले. नवा बॉक्स डॅशबोर्डखाली, चटकन दिसणार नाही असा.

काम झालं त्या रात्री दिव्यांच्या उजेडात समोरच्या पोफळीवरच्या सुपाऱ्या मोजता येत होत्या. वायपर भराभर फिरू लागले. हॉर्न तर असा वाजला की शेजारचे आजोबा काठी घेऊन बाहेर आले. तरी काका फारसे खूश दिसेनात. दिवेलागणीला त्यांना करायला काही उरलं नव्हतं. दोनचार संध्याकाळी त्यांनी जुन्या बॉक्सचं झाकण काढून बिनजोडणीचे फ्यूज फिरवून पाहिले, पण त्याने काहीच उजळेना.

मग त्यांचं लक्ष नव्या बॉक्सकडे गेलं. पुढेमागे लागतील म्हणून मेस्त्रींनी त्यात दोन घरं मोकळी ठेवली होती. परवा काका चिपळूणहून परतले ते हातात एक खोकं घेऊन. रिव्हर्स टाकला की आरती वाजवणारा हॉर्न. मेस्त्रींना यायला चार दिवस लागणार होते.

"तोवर माळ्यावर एखादी वायर असेल ना?" काकांनी काकूंना विचारलं.