सोलापूर ते ग्रेट बेअर, मार्गे कूलर

मे महिन्यात दुपारी पारा ४३ अंशांवर जाऊन बसला की सोलापुरात तीनच प्रकारची माणसं उरतात: झोपलेली, झोपायच्या बेतात असलेली आणि कुणाच्या तरी लग्नाला निघालेली. साखर पेठेतला आपला प्रवासी यांपैकी कशातच बसत नाही. तो त्या वेळी कॅनडाच्या उत्तरेला, उणे तीसमध्ये, लाकडं फोडत असतो. अंगात बनियन, पाठीशी कूलर, हाताशी ताकाचा तांब्या, आणि संगणकाच्या पडद्यावर पायात हरणाच्या कातड्याचे बूट.

प्रवाशाचा व्यवसाय चादरींचा. म्हणजे चादरी आणि टर्किश टॉवेलांच्या एका दुकानात तो हिशेब लिहितो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ती देशभर जाते, परदेशात जाते आणि सोलापूरकर स्वतः मात्र वर्षातले आठ महिने ती घडी करून कपाटात ठेवतो. एवढं पांघरूण विणणाऱ्या गावाला थंडीची हौस कुठेतरी भागवायला हवी होती. प्रवाशाने ती ‘द लाँग डार्क’मध्ये भागवली.

हा गेम कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओचा. २०१३ साली त्यासाठी इंटरनेटवर लोकवर्गणी काढली गेली, २०१४ मध्ये तो अर्धामुर्धा विक्रीला आला आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. त्यानंतरही तो वाढतच राहिला. त्यात ग्रेट बेअर नावाचं काल्पनिक बेट आहे. आकाशातल्या चुंबकीय गडबडीने वीज कायमची गेली आहे. माणसं एकतर निघून गेली आहेत, नाहीतर गोठून बसली आहेत. तुम्ही एकटे. भूक, तहान, थकवा आणि थंडी या चार घेणेकऱ्यांना रोज थोडं थोडं देत जगायचं. त्यातल्या ‘सर्व्हायव्हल’ प्रकारात सुटका नाही, शेवट नाही, बक्षीस समारंभही नाही. मेलात की आतापर्यंतचा सगळा खेळ पुसला जातो. खेळातला एक दिवस खऱ्या दोन तासांचा.

पहिले काही दिवस झकास जातात. काडेपेटीतल्या काड्या मोजाव्या लागतात. लांडगा मागे लागतो. गोठलेल्या तळ्यावरचा पातळ बर्फ कडकडतो आणि ताक पिता पिता माणसाला हुडहुडी भरते. याच काळात प्रवाशाचा सोलापुरी पिंड उघडा पडला. बेटावर जिकडे तिकडे बर्फच बर्फ. वितळवलं, उकळलं की पाणी. कुठेही, केव्हाही. पण ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथल्या माणसाला हे पटवणार कोण? प्रवाशाने पहिल्या मुक्कामालाच शेगडीपाशी बसून चाळीस लिटर पाणी करून ठेवलं. खेळात बादल्या आणि पिंपं नाहीत याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

विजेचंही तसंच. बेटावर दिवे लागतात ते फक्त आकाशात ध्रुवीय प्रकाश नाचू लागला की. तेव्हा बंद पडलेले संगणक जागे होतात, तुटक्या तारा ठिणग्या सोडतात आणि लांडगे हिरवे चमकत जास्तच पिसाळतात. भारनियमनाच्या दिवसांत वाढलेल्या प्रवाशाला यात नवल वाटलं नाही. वीज आली की आधी मोबाईल चार्जिंगला लावायचा, एवढंच त्याला सुचलं, आणि मोबाईल तर बेटावर नव्हता.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते, म्हणजे गंमत संपते. पुरेसं मांस बर्फात साठलं, अस्वलाच्या कातडीचं अंथरूण झालं, सशांचे फास लागले, मासेमारीच्या खोपटात गळ टाकून बसता येऊ लागलं, की मरण लांब जातं. आणि मरण लांब गेलं की त्याच्या जागी कंटाळा येऊन बसतो.

“काय करलालास बे?” मित्र फोनवर विचारतो.

“मासे धरलालो.”

“काल काय केलास?”

“मासेच की.”

“मग आमच्या दुकानावर ये ना बे, तितंबी काय घडंना झालंय.”

खेळ बनवणाऱ्यांना या अवस्थेची कल्पना होती. सतत घरात बसून राहिलात तर ‘केबिन फीव्हर’ जडतो आणि छपराखाली झोपच घेता येत नाही. बाहेर पडून हवेत, गुहेत रात्र काढावी लागते. ही सक्ती उत्तम आहे, पण ती माणसाला फक्त दाराबाहेर काढते. दाराबाहेर जाऊन करायचं काय, हे सांगत नाही.

खऱ्या बर्फातल्या माणसांचंही याहून निराळं नव्हतं. १८१९-२० च्या हिवाळ्यात विल्यम पॅरीची दोन जहाजं उत्तर ध्रुवीय कॅनडातल्या मेलव्हिल बेटाशी बर्फात अडकली, तेव्हा त्याने खलाशांचं नाटक मंडळ काढलं आणि एक हस्तलिखित साप्ताहिकही सुरू केलं. नाटक दर पंधरवड्याला, उणे तापमानात, जहाजाच्या डेकवर. ज्यांनी सोलापूरच्या हुतात्मा स्मृतिमंदिरात पंखा बंद असताना तिसरा अंक पाहिला आहे, त्यांना या कलाप्रेमाची उलट्या बाजूने कल्पना येईल. १८९५-९६ मध्ये नॉर्वेचे नान्सेन आणि योहान्सेन फ्रान्झ जोसेफ लँडवर दगडांच्या झोपडीत अस्वलाचं मांस खात नऊ महिने राहिले. झोप भरपूर. वजन वाढलं. वाचायला मात्र जवळ फक्त नौकानयनाचं पंचांग आणि गणिती कोष्टकं होती. तीच ती पुन्हा पुन्हा वाचली. दाते पंचांग ज्या शहरातून निघतं त्या सोलापूरच्या माणसाला यात हलाखी दिसत नाही. मुहूर्त, ग्रहणं, पावसाची नक्षत्रं, वर्षफल: नऊ महिने सहज निघाले असते.

आणि सोलापूरचा एक माणूस खरोखरच बर्फाच्या मुलखात गेला होता. भैय्या चौकातल्या त्याच्या स्मारकावरून प्रवासी रोज दुकानात जातो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धभूमीवर काम करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांच्या दाराशी जखमींची रांग होती. हिवाळा लांबला की काय करावं, हा प्रश्न त्यांना पडायला उसंत नव्हती. प्रवाशाच्या दाराशी फक्त ससे होते.

तेव्हा त्याने आधी नेहमीचे उपाय करून पाहिले. विझलेल्या शेकोटीतला कोळसा घेऊन नकाशे काढले. भिंग मिळालं होतं, त्याने उन्हात जाळ पेटवून काड्या वाचवल्या. सोलापुरात यासाठी भिंग लागत नाही, हे तो जाता जाता म्हणालाच. सापडलेली पुस्तकं वाचून काढली, तर ती शिकार आणि शिवणकामाची निघाली. जगभरचे जुने खेळाडू स्वतःवर अटी लादून घेतात: बंदूक नाही, मांस नाही, एका जागी दोन रात्री नाहीत. खेळातच ‘नोमॅड’ नावाचं एक आव्हान आहे, त्यात १५ ठिकाणी तीन-तीन दिवस राहायचं असतं. प्रवाशाने यांतली मांस न खाण्याची अट उचलली आणि तिला घरचं रूप दिलं. दर सातव्या दिवशी सोमवार धरायचा.

आता उपासाला बेटावर मिळतं काय? रानगुलाबाच्या फळांचा चहा आणि तळ्याकाठचं पाणकणीस. पाणकणीस चालतं का, हे त्याने आईला विचारलं.

“कंद असेल तर चालेल,” आई म्हणाली, “पण ते शिजवायला अस्वलाची चरबी नको घालूस म्हणजे झालं.”

सोमवारांनी खेळात जरा जान आली. उपासाच्या आदल्या दिवशी तरतूद करावी लागे, बेत आखावा लागे. पण पूर्ण इलाज जानेवारीत सापडला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभर ६८ लिंगं स्थापन केली. संक्रांतीच्या यात्रेत पहिल्या दिवशी सात नंदीध्वज मिरवत या लिंगांना प्रदक्षिणा घालतात, तैलाभिषेक होतो. गर्दीत ढकलला जात असताना प्रवाशाच्या डोक्यात आलं: ग्रेट बेअरवरही ठिकठिकाणी दगडांच्या राशी रचलेल्या आहेत. त्या खेळाला वर्गणी देणाऱ्यांच्या स्मरणार्थ आहेत. देवळाच्या पायरीवर देणगीदारांच्या नावाची फरशी असते, तशी ही बर्फातली फरशी. त्यांतल्या ६८ निवडायच्या आणि एकेक गाठायची. तेलाऐवजी कंदिलाचं तेल, तेही वाटेत उरलं तर.

यात्रा म्हटली की शिदोरी आली. खेळ साधारण तीस किलो उचलू देतो. सलग काही दिवस पोटभर खाल्लं तर आणखी पाच. त्यात लाकूड, कुऱ्हाड, अंथरूण, पाणी (सोलापुरी मापाने), औषधं आणि खाणं. मांस जड, डबाबंद पीच जड, सार्डिनचे डबे जड. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची कडक भाकरी वजनाला काही नाही, महिनोन्महिने टिकते, शेंगाचटणीची पुरचुंडी सोबत असली की हिमालयसुद्धा ओलांडता येतो. हिंटरलँडच्या मंडळींनी सगळं संशोधन केलं, ते इथे कमी पडलं, असं प्रवाशाचं स्पष्ट मत आहे, आणि ते चुकीचं नाही.

मग तो निघाला. मिस्टरी लेकपासून कार्टर धरणात शिरला. या धरणाच्या आत अंधारात एक लांडगा फिरतो; खेळाडू त्याला लाडाने ‘फ्लफी’ म्हणतात. पुढे प्लेझंट व्हॅलीत हिमवादळाने त्याला शेतघरात कोंडलं. पण या वेळी कोंडलं जाणं खपत नव्हतं, कारण पलीकडची रास राहिली होती. वादळ थांबायची वाट बघणं आणि कंटाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला पहिल्यांदा जाणवलं. हश्ड रिव्हर व्हॅलीत तर राहायला घरच नाही, नुसत्या गुहा. तिथे गड्ड्यातल्या पाळण्यांची आठवण काढत त्याने रात्री काढल्या.

अडचण आली ती शास्त्राची. डेसोलेशन पॉइंट हे बेटाचं टोक; तिथे जायचं तर कोस्टल हायवेवरून जायचं आणि आलेल्याच रस्त्याने परतायचं. म्हणजे प्रदक्षिणा तुटते. प्रवाशाने दोन दिवस खेळ थांबवून यावर विचार केला. मित्राने ‘सोड बे’ असा सल्ला दिला, तो त्याने घेतला नाही. शेवटी प्रकरण आईकडे गेलं.

“महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालतात का रे कधी?” आई भाकरी थापता थापता म्हणाली. “पाण्याच्या पन्हळीपर्यंत जायचं, ओलांडायचं नाही, मागं फिरायचं. सोमसूत्री.”

प्रश्न सुटला. त्याच रात्री प्रवासी डेसोलेशन पॉइंटला पोचला, दीपगृहाला लांबून नमस्कार केला आणि बर्फात रुतलेल्या ‘रायकेन’ जहाजात उतरला. तिथे भट्टी आहे. बाणांची टोकं घडवायची तर ती चांगली दीडशे अंशांपर्यंत तापवावी लागते. त्यासाठी कोळसा लागतो. प्रवाशाच्या पाठीवर बावीस लिटर पाणी होतं, कोळसा नव्हता.