केझिकची एकादशी

खोलीच्या भाड्यात धरलेला नाश्ता सोडणं मी पाप समजतो. बाकीच्या पापांबद्दल माझं मत लवचीक आहे. म्हणून मँचेस्टरच्या मुलाने लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावी ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ ठरवलं, तेव्हा बेडची चौकशीही न करता मी निघालो.

केझिकची रेल्वे १९७२ साली बंद पडली, त्यामुळे पेनरिथला उतरून बस. गावाला लागून डरवेंटवॉटर नावाचं देखणं तळं आहे म्हणतात. पाऊस असा होता, की तळं कुठे संपतं आणि आम्ही कुठे सुरू होतो ते समजेना. जवळच्या सीथवेटला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे बसमधल्या गृहस्थांनी अभिमानाने सांगितलं. आमच्या महाबळेश्वरला ५,००० च्या वर पडतो, हे मीही सांगितलं. मग पेनरिथपासून चाललेला संवाद थांबला.

मालकीणबाई सत्तरीच्या, ताठ, चष्मा गळ्यातल्या साखळीला. किल्लीबरोबर त्यांनी एक कागद दिला: सकाळी काय खाणार ते आज संध्याकाळीच लिहून द्यायचं. खाली एक ओळ होती, ‘काही पथ्य असल्यास कळवा.’

दुसऱ्या दिवशी आषाढी होती. हिने चष्मा लावला, कागद भरला, उलटवला आणि मागची बाजूही भरली.

दहा मिनिटांत दारावर टकटक. मालकीणबाईंच्या हातात आमचा कागद आणि दुसरा एक तक्ता. इंग्लंडात खाद्यपदार्थ विकणाऱ्याला १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते. त्या हिचा उपास त्या तक्त्याशी ताडून पाहत होत्या.

“गहू नाही. समजलं. मोहरी नाही. तीही आमच्या यादीत आहे. पण टोमॅटो? टोमॅटोने काय होतं?”

“काही नाही,” ही म्हणाली. “परवा खाईन.”

“परवापर्यंत ॲलर्जी बरी होईल?”

मी विठ्ठल, चंद्रभागा आणि पालखी असं थोडक्यात समजावलं. बाई लक्षपूर्वक ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, “कोथिंबीर?”

“चालते,” मी म्हणालो.

“अजिबात नाही,” ही म्हणाली. “तुमच्या घरी काहीही चालतं.”

यावर आम्ही उभयतांनी मराठीत जी चर्चा केली, तिची नोंद बाईंनी ‘कोथिंबीर – वाद आहे’ अशी केली.

“आणि शेंगदाणे?”

“शेंगदाणे हवेतच!” ही उत्साहाने उठली आणि बॅगेतून दाण्याच्या कुटाची पिशवी काढून बाईंच्या नाकासमोर धरली.

बाई दोन पावलं मागे सरल्या. वरच्या खोलीत एक लहान मुलगा उतरला होता. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी त्याच्या जिवावर बेतलं असतं. त्यांनी रबरी हातमोजे चढवले, कूट एकात एक अशा तीन पिशव्यांत बंद केलं आणि भर पावसात नेऊन स्वतःच्या मोटारीच्या डिकीत ठेवलं. परत येऊन खोली पुसून घेतली. आम्हा दोघांना हात धुवायला लावले. माझे दोनदा.

“अहो, कूट गेलं,” ही अंधारात म्हणाली. “मुलाला काही व्हायला नको,” हेही तीच म्हणाली. मला मात्र भाड्यातला अर्धा नाश्ता बुडाल्याचा राग येत होता. उपासाचे पैसे कोणी कमी करत नाही.

सकाळी जेवणघराच्या कोपऱ्यात एक वेगळं टेबल मांडलेलं. त्यावर उकडून लोण्यात परतलेले बटाटे, केळी, दूध. जिरं कुठून पैदा केलं होतं देव जाणे. शेजारी तवा आणून ठेवला होता, मुठीवरची किमतीची चिठ्ठी तशीच. “याला पावाचा स्पर्श झालेला नाही,” बाई म्हणाल्या. “चमचाही नवा आहे. कोथिंबीर घातलेली नाही.”

ही काही बोलली नाही. उठली आणि वाकून नमस्कार केला. बाईंना वाटलं, हिचं काही खाली पडलं. त्याही वाकून शोधू लागल्या. माझ्या आत्याने पन्नास वर्षं सोवळं पाळलं, पण त्यात कधी दुसऱ्याच्या जिवाची काळजी पाहिल्याचं मला आठवत नाही.

मी मात्र अंडी, मशरूम, भाजलेला टोमॅटो आणि घेवड्याची गोडसर उसळ हिच्या वाट्यासकट खाल्ली. भाडं वसूल झालं.

पाऊस थांबेना, म्हणून पेन्सिलींचं संग्रहालय पाहिलं. बॉरोडेलच्या डोंगरात ग्रॅफाइट सापडलं आणि त्यावर या गावाने पेन्सिलींचा धंदा उभारला. दुसऱ्या महायुद्धात पोटात नकाशा आणि होकायंत्र लपवलेल्या पेन्सिली इथेच बनल्या. कॅसलरिगचं प्राचीन दगडी वर्तुळही पाहिलं. दगड ओले होते.

निघताना कूट डिकीतून सन्मानाने परत मिळालं. केझिकला जाणार असाल तर जरूर अशा घरगुती ठिकाणीच उतरा, पण तारीख ठरवण्याआधी कालनिर्णय बघा, आणि कोथिंबिरीचा निकाल घरीच लावून निघा.