लोभकाका

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण सोसायटीत ते कुणाच्या तोंडी नाही. लोभकाका हे बारसं झालं फळ्यावरच्या नोटिशीमुळे. "सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार. टाकी धुवावयाची असल्याने उद्या सकाळी ८ ते ११ पाणी येणार नाही. कळावे, लोभ असावा ही विनंती." त्याखाली कुणीतरी खडूने लिहिलं, "लोभ आहे, पाणी सोडा." काका भडकले, पण थट्टेवर नव्हे. पुस्ती सहीच्या खाली जोडली यावर. एकदा सही झाली की त्याखाली अक्षर पडता कामा नये!

काका हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. जन्म आवक-जावकमध्ये गेल्यामुळे मजकूर म्हणजे दोन नमस्कारांच्या मधली अडचण, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. चिठ्ठी कसलीही असो, ते आधी तळ बघतात.

यावर हसलात की ते थेट शिवकाळात नेतात. "महाराजांच्या पत्रांचे फोटो पाहिलेत? वर अष्टकोनी राजमुद्रा सगळ्यांना पाठ. खालचं मोर्तब कुणी बघतं का? 'मर्यादेयं विराजते'! पेशवाईत 'लेखनसीमा'. मोर्तब झालं की मजकूर संपला. खाली कुणी लबाडाने दोन गावं घुसडली, तरी ती खोटी." इथे ते खिशातून किराण्याची पावती काढतात. "अक्षरी रुपये पाचशे फक्त. हा 'फक्त' कशासाठी? गरिबाचं मोर्तब आहे ते!" खरं सांगायचं तर या मुद्द्यावर मला त्यांच्याशी वाद घालता आलेला नाही.

कुणाला काय लिहायचं, याची जुन्या काळी रीतसर पुस्तकं असत. त्यांना मेस्तक म्हणत आणि त्यातलं एक हेमाडपंताच्या नावावर सांगितलं जातं. काकांनी आपलं स्वतःचं मेस्तक केलं आहे. वडीलधाऱ्यांना साष्टांग, बरोबरीच्यांना सप्रेम, धाकट्यांना अनेक आशीर्वाद. दूधवाला वयाने धाकटा, पण महिन्याचं बिल थकलेलं, म्हणून १० तारखेपर्यंत त्याला नमस्कार. पैसे चुकते केले की पुन्हा आशीर्वाद.

घरी त्यांच्याकडे पोस्टकार्डांचा गठ्ठा आहे. मजकुराने कार्ड भरलं, तरी "घरातील थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद" सोडायची कुणाची छाती नव्हती. ते मग चारी कडांनी बारीक अक्षरात चढवलेलं. वाचताना कार्ड स्टिअरिंगसारखं फिरवावं लागतं. काका ते कौतुकाने फिरवतात. फक्त काकूंनी माहेरी लिहिलेलं कार्ड आलं की त्यांचा चेहरा पडतो. काकूंचं सगळं पत्र ता. क. मध्ये. वर "आम्ही खुशाल, तुमची खुशाली कळवणे", नमस्कार, सही, आणि खाली: "ता. क. वन्संचं ठरलं. मुलगा बरा आहे, सासू नाही. कुणाला बोलू नका. ता. क. लोणच्याची बरणी परत पाठवणे." काका म्हणतात, हिने मोर्तब फोडलं. काकू म्हणतात, "वरचं पोस्टमन वाचतो. तेवढ्यात त्याला कंटाळा येतो. मग खालचं आपलं."

तार खात्यावर त्यांचा जुना राग. शब्दागणिक पैसे, त्यामुळे पहिली कात्री लोभावर. त्यात शुभेच्छांना क्रमांक दिलेले; फॉर्मवर आकडा टाकायचा की पलीकडे अख्खं वाक्य उमटायचं. "नवदांपत्याला आकडा लावायचा? मटका आहे का?" २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा लोक हळहळले, काकांनी पेढे आणले.

सध्याची मंडळीही त्यांना पसंत नाहीत. भाच्याच्या प्रत्येक ईमेलच्या बुडाशी "थँक्स अँड रिगार्ड्स" आपोआप येतं, हे कळल्यावर ते दोन दिवस सुन्न होते. उलट सरकारी निर्णयांवर त्यांचा जीव. मोबाईलवर जीआर आला की विषय न वाचता सरळ तळाला जातात आणि "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" हे खड्या आवाजात म्हणतात. अनुदान मिळालं की बंद झालं, ते पुतण्याने वाचायचं.

परवा मात्र प्रसंग बाका होता. तळमजल्यावरचा मुलगा स्कूटर रोज जिन्याच्या तोंडाशी लावतो. काकांनी फुलस्केपवर दोन पानी पत्र दिलं. त्यात "निगरगट्टपणा", "आपल्या तीर्थरूपांचे संस्कार" आणि "पोलीस" हे सगळं होतं. शेवट: "कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा." पोराने व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं, "ओके."

काकांनी ते ओके छापून आणलं, लाल शाईने "शेवट अपूर्ण" असा शेरा मारला आणि दाराखालून परत सरकवलं. सोबत नमुनेही जोडले: आपला नम्र, आपला विश्वासू, आपला आज्ञाधारक. शेवटच्यापुढे टीप होती, की ब्रिटिश अंमलात मोठमोठे साहेबसुद्धा सरकारी पत्राखाली स्वतःला 'आज्ञाधारक सेवक' म्हणवून घेत, तेव्हा आपणास संकोच नसावा.

दुसऱ्या दिवशी कागदावर, चक्क शाईच्या पेनाने, उत्तर आलं: "ती. स्व. काकांस साष्टांग नमस्कार. स्कूटर आहे तिथेच राहील. कळावे, आपला आज्ञाधारक."

काका तो कागद घेऊन वरपासून खालपर्यंत सगळ्या मजल्यांवर फिरले. जिन्याच्या तोंडाशी स्कूटरला वळसा घालताना धोतर किकमध्ये अडकलं, ते सोडवत मला म्हणाले, "स्कूटरचं बघू हो. पोरगं मार्गाला लागतंय."