शंभर पौंडांची उधारी

"लेकीचा फोन होता ना गं? अर्धा तास खिदळत होतीस." कुंपणापलीकडून माई. मांडीवर गवारीचं ताट. शेंगा मोडायला घेतल्या की माईंना सोबतीला बातमी लागतेच, नुसती गवार त्यांच्याच्यानं मोडवत नाही.

लेक आयर्लंडात, कॉर्कला असते. तिनं एका चौकाचा फोटो पाठवला होता, तो मी मधुमालतीच्या फटीतून पुढे केला. रोरी गॅलहर याच्या नावाचा चौक. लिहिताना मधे 'जी-एच' लिहितात आणि म्हणायचं 'ह'.

"नगरसेवक असेल," माई म्हणाल्या.

"नाही हो. गिटारवाला. गायचासुद्धा. ब्लूज-रॉक म्हणतात त्याला."

आता ब्लूज म्हणजे काय हे माईंना कसं सांगावं? म्हटलं, अमेरिकेत कापसाच्या शेतावर राबणाऱ्या काळ्या लोकांचं गाणं. घरधनी सोडून गेला, पैसा नाही, वाट लांबची, असं सगळं गाऱ्हाणं मांडायचं, पण ठेका धरून.

"म्हणजे जात्यावरचं."

तसंच काहीसं. फक्त या पोरानं जातं विजेवर चालवलं आणि गल्ली हादरवली.

"घरचे कोण?" माईंचा पहिला प्रश्न हाच. तेंडुलकर असो की टागोर, आधी घरचे कोण.

जन्म २ मार्च १९४८, बॅलीशॅनन नावाच्या गावात. वडील अकॉर्डियन वाजवायचे, आई गायची, हौशी नाटकांत कामंही करायची. मग बिऱ्हाड डेरी शहरात गेलं. तिथं अमेरिकी फौजेच्या रेडिओवर हे ब्लूज पोराच्या कानावर पडलं. पुढे आई रोरीला आणि धाकट्या डोनलला घेऊन कॉर्कला माहेरी आली.

"आणि बाप?"

"तो मागे राहिला."

माईंनी एक शेंग जरा जोरात मोडली. त्या काही बोलल्या नाहीत, मीही पुढे गेले.

खरी गंमत त्या गिटारीची आहे. आयर्लंडात तेव्हा ऑर्केस्ट्रासारख्या कंपन्या असायच्या, शोबँड म्हणत. एकसारखे कोट घालून लोकप्रिय गाणी वाजवायची आणि लोकांना नाचवायचं. असल्याच एका शोबँडच्या गिटारवाल्यानं अमेरिकेहून फेंडर स्ट्रॅटोकास्टर मागवली होती, लाल रंगाची. आली ती कडेला काळपट, मधे पिवळी. त्यानं लाल येईपर्यंत तीच वाजवली आणि लाल आल्यावर ही दुकानात परत टाकली. १९६३ साली कॉर्कच्या क्राऊलींच्या दुकानात ती शंभर पौंडांच्या आतबाहेर किमतीला टांगलेली होती. रोरी पंधरा वर्षांचा. शंभर पौंड म्हणजे त्या काळी साध्या घरात कोणी डोळ्यांनी न पाहिलेला पैसा. पठ्ठ्यानं उधारीवर उचलली.

"आईनं कानफटात दिली असेल."

दिली की नाही ठाऊक नाही, पण हप्ते फेडायला पोरगा शोबँडमध्ये लागला. शाळेचं वय, आणि रात्री कोट चढवून नाचवायचं. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस त्यांचा उपासाचा काळ असतो, तेव्हा आयर्लंडातले नाचाचे हॉल बंद.

"चातुर्मासच की."

हो, चातुर्मासात आपल्याकडे लग्नं नाहीत तसं. मग या कंपन्या बोटीनं इंग्लंडला जायच्या, तिथल्या आयरिश मजुरांपुढे वाजवायला. असा हा पोरगा मिसरूड फुटायच्या आत दोन देश फिरला.

आणि मग ती गिटार चोरीला गेली. डब्लिनमध्ये! काही दिवसांनी एका खड्ड्यात सापडली, पावसात भिजलेली, अंगभर ओरखडे. त्यानं तेव्हाच ठरवलं म्हणे, की ही आता आयुष्यात विकायची नाही. मी माईंना गिटारीचा फोटो मोठा करून दाखवला. रंग जवळजवळ सगळा उडालेला, फक्त कडांना कुठे कुठे उरलेला, बाकी उघडं लाकूड. मनगट टेकायच्या जागी तर गुळगुळीत झालेली. त्याला घाम फार यायचा, घामानंच रंग खाल्ला असं सांगतात.

माईंनी पदराला बोटं पुसली, फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला. "आमच्या सासूबाईंचा पोळपाट," त्या म्हणाल्या. "मधे असाच खोलगट झाला होता. नवा आणला तर त्यावर त्यांची पोळी फिरेना."

याहून चांगलं त्या गिटारीबद्दल मी कुठं वाचलेलं नाही.

पुढचं भराभर सांगते. १९६६ मध्ये त्यानं टेस्ट नावाचं तिघांचं टोळकं काढलं. १९७० साली इंग्लंडातल्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या प्रचंड जलशात त्यांनी लोकांना वेड लावलं आणि त्याच वर्षाअखेर टोळकं फुटलं. पैशाची भानगड, मॅनेजरशी वाद, नेहमीचंच. मग रोरी स्वतःच्या नावानं वाजवू लागला आणि धाकटा डोनल त्याचा सगळा कारभार पाहू लागला. बाकीचे मखमली पँटी घालून चेहरे रंगवत होते, हा चौकड्यांचा शर्ट आणि जीनची पँट. गाण्याच्या सुट्या तबकड्या काढून यादीत वर जायचं, तर तेही याला मान्य नव्हतं. १९७१ मध्ये मेलडी मेकर नावाच्या इंग्रजी साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला क्लॅप्टनसारख्या नावाजलेल्या गिटारवाल्याच्या वर बसवलं, तरी शर्ट तोच.

"त्याच वर्षी त्याचा देव त्याला भेटला," मी म्हटलं. शिकागोचा मडी वॉटर्स. ब्लूजमधला फार मोठा माणूस. लंडनला ध्वनिमुद्रणाला आला होता आणि साथीला रोरीला बोलावलं होतं. याचे आपले दुसऱ्या गावी कार्यक्रम ठरलेले. कार्यक्रम उरकून हा धापा टाकत पोचायचा, तोवर मडी थांबून राहायचा.

आता माईंना आवडेल असा भाग आला. १९७४ च्या डिसेंबरात रोलिंग स्टोन्समधून मिक टेलर बाहेर पडला.

"हे कोण?"

"माई, जगातली सगळ्यात श्रीमंत गाणारी कंपनी समजा. त्यांना गिटारवाला हवा होता. याला बोलावणं आलं."

१९७५ चा जानेवारी, हॉलंडमधलं रॉटरडॅम. गडी एकटाच गेला, गिटार आणि ॲम्प्लिफायर स्वतः उचलून. काही रात्री त्यांच्याबरोबर वाजवलं. त्यांना तो पसंत होता, असंच डोनल सांगतो. शेवटच्या रात्री रोरीला सांगितलं गेलं, वर कीथ रिचर्ड्सच्या खोलीत जाऊन एकदा बोलून घे. वर गेला, तर कीथसाहेब गाढ. शुद्ध हरपलेलं गाढ. रोरी रात्रभर खेपा घालत राहिला, हा आता उठेल, मग उठेल. उजाडलं. रोरीचा जपानचा दौरा ठरलेला होता, तिकिटं विकली गेली होती, विमानाची वेळ झाली. त्यानं गिटार उचलली आणि निघाला. ती जागा पुढे रॉनी वुडला मिळाली आणि तो आजतागायत तिथंच आहे.

माईंचे हात थांबले. "हलवून उठवायचं नाही का?"

"नाही उठवलं."

"दारावर चार थापा तरी मारायच्या! अगं, आमच्या यांनी असंच केलं होतं, साहेब जेवतायत म्हणून बाहेर बसून राहिले आणि बदली झाली नांदेडला."

मी म्हटलं, माई, पण जपानात लोक तिकिटं काढून बसले होते. त्यांचं काय? माईंनी मान हलवली, ती पटल्याची नव्हती. मला मात्र रोरीचं वागणं आवडतं. लाजाळू तर तो होताच, पण दिलेली तारीख पाळायची हा हिशेब त्या हप्त्यांच्या दिवसांपासूनचा असणार.

तारीख पाळायचा म्हणजे किती? सत्तरच्या दशकात उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टमध्ये बाँब फुटत होते. बहुतेक मोठे कलावंत तिथं पाय ठेवत नव्हते, हा वर्षामागून वर्षं अल्स्टर हॉलमध्ये वाजवत राहिला. एरवी एकमेकांच्या गल्लीत न जाणारी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पोरं एका रांगेत उभी राहून ऐकायची. १९७४ च्या त्याच्या आयरिश दौऱ्यावर टोनी पामर यांनी केलेला चित्रपट आहे, माई, जावयाला सांगून तुम्हाला दाखवते. घामानं निथळतोय नुसता.

हट्टीही तितकाच. सॅन फ्रान्सिस्कोत अख्खा अल्बम तयार केला आणि मनासारखा उतरला नाही म्हणून रद्द. तिथंच टॅक्सीच्या दारात अंगठा चेमटला तो वेगळाच. तो अल्बम लोकांना ऐकायला मिळाला २०११ मध्ये, त्याच्या पश्चात.

"पश्चात म्हणजे? गेला?"

गेला. माईंनी विचारायच्या आतच सांगून टाकलं की लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नाही. शेवटची काही वर्षं लंडनला हॉटेलात राहायचा. विमानाची भीती होती, आणि जन्म सगळा विमानात. त्यासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर दारू, दोन्हींनी मिळून यकृत खाल्लं. १९९५ मध्ये यकृत बदललं, तेही चाललं होतं, पण जंतुसंसर्ग झाला. १४ जून १९९५. सत्तेचाळीस वर्षं वय.

"गिटारीला जपलं आणि स्वतःला टाकलं," माई म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. खरंच होतं ते.

गवार संपली होती, पण माई उठल्या नाहीत. "मग ती गिटार?"

भावानं सांभाळली. एकोणतीस वर्षं. मग २०२४ च्या ऑक्टोबरात लंडनला बोनहॅम्सकडे लिलावात काढली.

"विकली? ज्यानं विकायची नाही म्हटलं, त्याची?" माई उभ्याच राहिल्या. मी डोनलची बाजू घेऊन पाहिली, अहो पंचाहत्तरीला आला तो, त्याच्यामागे कोण बघणार. माईंनी ऐकून घेतलं नाही. आयर्लंडातल्या लोकांचंही तेच म्हणणं होतं, गिटार देशाबाहेर जाऊ देऊ नका म्हणून केवढी ओरड झाली होती.

लिलावात किंमत आली ८,८९,४०० पौंड. आपले नऊ कोटींच्या वर.

"उधारीची गिटार," माई पुटपुटल्या. "कुणा शेठनं नेली असेल."

घेतली आयर्लंडातल्याच कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळींनी, आणि घेतली तीच राष्ट्रीय संग्रहालयाला द्यायला. आयर्लंडचं राष्ट्रीय संग्रहालय म्हणजे डब्लिनचं, माई. चोरीला गेली होती, त्याच गावचं.